कंबरेचा इलाज केला तर डिसॅबिलिटी पेन्शन कापतात का?

"मॅडम, हे कागदावर नका लिहू ना."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता माणूस तोंड उघडायच्या आधीच कळतं. माझं फिजिओथेरपीचं छोटं क्लिनिक नाशिकरोडला आहे, एका बाजूला तोफखाना केंद्र, पलीकडे देवळाली कॅम्प, आणि रिटायर होऊन जेलरोड, उपनगर, भगूर असं कुठं कुठं घर बांधून राहिलेले फौजी, त्यामुळे कंबर धरून येणाऱ्यांत फौजी भरपूर. मी स्वतः तोफखान्यातल्या हवालदाराची मुलगी. तर हे लोक येतात, शेक घेतात, व्यायाम शिकतात, आणि जाताना हळूच सांगतात की ट्रीटमेंटचं काही लिहून देऊ नका, "बरा होतोय" असं तर अजिबात नको, पेन्शन कापतील.

दोनेक महिन्यांपूर्वी निफाडकडचे एक काका आले, सोबत काकू. काका २०१६ ला हवालदार म्हणून सुटले, कंबरेची २० टक्के डिसॅबिलिटी लागलेली, स्वतःची द्राक्षबाग. ते म्हणाले, नेहमीचीच चमक आहे, शेक द्या. काकू मध्येच बोलल्या, "नेहमीची कसली, यांची उजव्या पायातली चप्पल चालता चालता निघून पडते न यांना कळतही नाही." मी काकांना टाचांवर चालायला सांगितलं. डावा पंजा छान वर उचलला गेला, उजवा फरशीला घासत राहिला. मग पलंगावर झोपवून उजव्या अंगठ्यावर बोट ठेवलं न म्हटलं, याला वर ओढा, तर अंगठा जेमतेम थरथरला. म्हणजे पायाकडे जाणारी नस नुसती चिडलेली नव्हती, दाबली जाऊन कमजोर व्हायला लागली होती. हे कधीपासून विचारलं तर दीड महिना. मग डॉक्टरकडे का नाही गेलात? तर तेच, ऑपरेशन सांगतील, ऑपरेशन झालं की "बरा झाला" लिहितील, आणि २० टक्के जातील.

त्या दिवशी ठरवलं की हे सगळं एकदा नीट सोप्या भाषेत लिहायचं. मी वकील नाही, पण पप्पांच्या आणि मग इतरांच्या फायली वाचून वाचून जे समजलंय आणि जे नियमात आहे तेवढंच लिहिते.

आधी हे पैसे ठरतात कसे ते बघू, कारण ते कळलं की अर्धी भीती तिथंच जाते. कॅटेगरीत असलेला, म्हणजे तब्येतीमुळे पूर्ण फिट न धरलेला, लो मेडिकल कॅटेगरीतला जवान जेव्हा सुटतो तेव्हा त्याचं रिलीज मेडिकल बोर्ड होतं, आणि आजारामुळे सेवेतूनच काढलं, ज्याला आपण बोर्ड आउट म्हणतो, तर त्याचं वेगळं बोर्ड होतं. बोर्डात डॉक्टर मुख्य दोन गोष्टी ठरवतात. एक, हा त्रास फौजेच्या सेवेमुळे झाला का, किंवा आधीचा असला तरी सेवेमुळे वाढला का. यातलं एक "हो" पुरतं, दोन्ही लागत नाहीत. आणि दुसरं, किती टक्के आणि किती काळासाठी. पूर्ण नोकरी करून सुटलेल्याला साधारणपणे २० टक्के किंवा जास्त असेल तरच डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला डिसॅबिलिटीचा वेगळा भाग, लागतो. बोर्ड आउटचं वेगळं आहे, तिथं सुप्रीम कोर्टाने २०१४ च्या एका निकालात म्हटलंय की तुम्ही माणसाला आजारापायी घरी पाठवताय म्हणजे त्याची डिसॅबिलिटी २० टक्क्यांच्या वर आहे असंच धरायला पाहिजे.

आता पैसे. १०० टक्के डिसॅबिलिटीला शेवटच्या पगाराच्या, म्हणजे पेन्शनसाठी जो धरतात त्या पगाराच्या, ३० टक्के मिळतात आणि बाकीचं त्या प्रमाणात. समजा तो पगार ४०,००० होता, तर १०० टक्क्यांना १२,००० आणि २० टक्क्यांना २,४००. पण इथं एक महत्त्वाची गोष्ट येते, राउंडिंग ऑफ. ५० च्या खाली कितीही असलं तरी ५० धरायचं, ५० ते ७५ असेल तर ७५, आणि त्याच्या वर असेल तर १००. म्हणजे वरच्या उदाहरणात २० टक्केवाल्याच्या हातात २,४०० नाही तर ६,००० आणि वर महागाई भत्ता. आधी हा फायदा फक्त बोर्ड आउट झालेल्यांना देत होते, १० डिसेंबर २०१४ ला सुप्रीम कोर्टाने राम अवतार यांच्या केसमध्ये सांगितलं की पूर्ण नोकरी करून रिटायर झालेल्यालाही हा फायदा द्यायचा. माझ्याकडे येणाऱ्यांत असे लोक अजून भेटतात की ज्यांना २० टक्के लागलेत पण राउंडिंग झालंय का हे त्यांनी कधी बघितलेलंच नाही. स्पर्श या फौजी पेन्शनच्या पोर्टलवर लॉगिन करून पेन्शनचं विवरण उघडा, डिसॅबिलिटी एलिमेंटचा आकडा बघा न वरचा हिशोब करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

(एक लक्षात ठेवा, २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आलेत. त्या तारखेपासून पुढे जे सुटले त्यांना ते लागतात, आणि त्यात नोकरी पूर्ण करून निघालेल्यांसाठी "इम्पेअरमेंट रिलीफ" असं वेगळं नाव आलंय. मी इथं मुख्यतः त्याच्या आधी सुटलेल्यांबद्दल लिहितेय, तुम्ही नंतरचे असाल तर तुमच्या कागदावर कुठलं नाव आहे ते आधी बघा.)

आता काकांचा प्रश्न, रिटायर झाल्यावर इलाज केला तर टक्के कमी होतात का.

तुमच्या पेन्शन ऑर्डरवर किंवा बोर्डाच्या कागदावर टक्क्यांच्या पुढे काळ लिहिलेला असतो. बहुतेकांच्या कागदावर "फॉर लाइफ" म्हणजे आजन्म असं असतं. पूर्वीच्या काळी दर काही वर्षांनी परत बोर्डाला बोलवायचे, रिसर्व्हे बोर्ड म्हणायचे त्याला, आणि तिथं टक्के कमी झाल्याचे किस्से म्हातारे फौजी अजून सांगतात, ही सगळी भीती तिथूनच आलेली आहे, आणि ती भीती त्या काळी खरी होती. पण संरक्षण मंत्रालयाचं ७ फेब्रुवारी २००१ चं पत्र आहे, त्यात हे दर थोड्या वर्षांनी बोलवणं बंद केलं. कायमस्वरूपी ठरवलेली डिसॅबिलिटी एकदा ठरली की आजन्म, जोपर्यंत तुम्ही स्वतः उठून परत तपासा म्हणत नाही तोपर्यंत. आणि जी कायमची नाही, ज्यावर ठरावीक काळ लिहिलाय, तिची एकदाच फेरतपासणी होते.

म्हणजे काका ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या पॉलिक्लिनिकमध्ये गेले, तिथून रेफरल घेऊन एमआरआय केला, ऑपरेशन केलं, चालायला लागले, बागेत गेले, तरी त्यांच्या आजन्म लिहिलेल्या २० टक्क्यांना कोणी हात लावत नाही. ईसीएचएस ही इलाजाची योजना आहे, पेन्शनचं खातं वेगळं आहे, तुम्ही गोळ्या घेतल्या म्हणून प्रयागराजला पेन्शनच्या ऑफिसात घंटा वाजत नाही. हे काकांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, काकूंनीच विचारलं, "म्हणजे हे दीड महिना उगाच अंगावर काढलं?"

हो काकू, उगाच.

आता उलट बाजू. काही जण विचारतात की त्रास वाढलाय तर टक्के वाढवून मागू का. मागू शकता, फेरतपासणी मागायचा हक्क आहे, पण अर्ज करायच्या आधी राउंडिंगचा हिशोब परत डोक्यात आणा. तुमचे २० आहेत, ते ३० किंवा ४० झाले तरी पैसे ५० चेच मिळतात जे आत्ताही मिळतायत. फरक पडणार कधी, तर ५० किंवा वर गेलात तर. आणि तपासणी स्वतः मागितली की आजन्मचं कुलूप तुम्ही स्वतःच्या हाताने उघडलं, नवीन बोर्डाला जे दिसेल ते ते लिहिणार, वर किंवा खाली. म्हणून २० चे ३० करायला धावणाऱ्याला मी सरळ सांगते की थांबा. ज्याच्या दोन्ही पायांत कमजोरी आलीय, लघवीवर ताबा राहिला नाही, त्याची गोष्ट वेगळी, त्याने जरूर मागावी.

हे झालं रिटायर झालेल्यांचं. खरं नुकसान मला दिसतं ते नोकरीत असलेल्या पोरांचं.

नोकरीत कंबर गेली की पोरगं काय करतं? लपवतं. कारण कॅटेगरी पडली की प्रमोशनला अडतं, कोर्सला अडतं, सर्व्हिस वाढायला अडतं. मग सिक रिपोर्टला, म्हणजे आजारी म्हणून नोंद करून फौजी डॉक्टरला दाखवायला, न जाता ओळखीच्या नर्सिंग असिस्टंटकडून दोन गोळ्या, सुट्टीवर गावी आलं की हाडवैद्याकडे कंबर चोळून घ्यायची, मेडिकलवरून पट्टा आणायचा. माझे पप्पा असेच. १५५ मिलिमीटरच्या तोफेचा एक गोळा ४०-४५ किलोचा, तो उचलायचा, छातीशी धरायचा, वळायचं, द्यायचा, परत खाली वाकायचं, आणि हे फायरिंगच्या दिवशी किती वेळा त्याला मोजमाप नाही. घरी सुट्टीवर आले की पप्पा पहिले दोन दिवस फरशीवर चादर टाकून झोपायचे, आई पाठीवर गरम विटेचा शेक द्यायची, आम्हा मुलांना वाटायचं फौजी लोकांना गादी आवडत नाही. १७ वर्षं त्यांनी एकदाही सिक रिपोर्ट केला नाही, शेप-वन म्हणजे पूर्ण फिट म्हणून सुटले. सुटल्यावर वर्षभरात गादी सरकली, पायात मुंग्या, रात्र रात्र झोप नाही. अर्ज केला तर उत्तर आलं की सेवेत या त्रासाची कुठलीच नोंद नाही. आणि खरंच नव्हती. सुटल्यानंतर काही वर्षांत उपटलेल्या आजाराचाही क्लेम करता येतो नियमात, पण त्याची सुरुवात सेवेत झाली होती हे दाखवावं लागतं, आणि दाखवायला आमच्याकडे आईने शेकलेली वीट होती फक्त.

म्हणून नोकरीतल्या पोरांना हात जोडून सांगते, इलाजाने क्लेम जात नाही, इलाजाचा कागद म्हणजेच क्लेम. पहिल्यांदा कंबरेत चमक निघाली त्या दिवशीचा सिक रिपोर्ट, लाइट ड्यूटीची चिठ्ठी, मिलिटरी हॉस्पिटलची डिस्चार्ज स्लिप, एमआरआय, फिजिओला किती दिवस गेलात ते, हे सगळं तारखेनुसार लागलेलं असेल तर बोर्डाला दिसतं की माणूस फिट भरती झाला, अमुक वर्षी अमुक पोस्टिंगवर पहिला त्रास झाला, मग वाढत गेला. पडून, आपटून, ड्यूटीवर इजा झाली असेल तर इंजुरी रिपोर्ट भरला जातो, आयएएफवाय-२००६ नावाचा फॉर्म, तो भरला गेलाय का आणि त्यात "ऑन ड्यूटी" लिहिलंय का हे त्याच आठवड्यात बघा, दहा वर्षांनी साक्षीदार शोधायला गेलात तर ते अर्ध्या देशात पांगलेले असतात.

आणि सुट्टीत गावच्या डॉक्टरला दाखवलं असेल तर त्याचीही चिठ्ठी युनिटला परत गेल्यावर एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, दाखवून नोंद करून घ्या. खिशात राहिलेल्या चिठ्ठीचा काही उपयोग नाही.

आता इलाजाला नाही म्हटलं तर? हे बहुतेकांना माहीतच नाही. रिलीज बोर्डाचा जो फॉर्म असतो, एएफएमएसएफ-१६, त्यात इलाजाबद्दल सरळ प्रश्न छापलेले आहेत. या माणसाने ऑपरेशन किंवा इलाजाला नकार दिला का. दिला असेल तर त्याची कारणं काय. नकार दिल्याने पेन्शन कमी होऊ शकते किंवा पूर्ण थांबू शकते हे त्याला समजावून सांगितलं का. इलाज केला असता तर त्रास बरा झाला असता किंवा टक्के कमी झाले असते असं बोर्डाला वाटतं का, वाटत असेल तर किती टक्क्यांपर्यंत. आणि शेवटी, त्याचा नकार योग्य होता का.

परत वाचा हे. म्हणजे आपल्याकडे पेन्शनला धोका कशाने आहे तर इलाज करण्याने नाही, इलाज नाकारण्याने. आणि पोरं नेमकं उलटं करतात, टक्के टिकावेत म्हणून "नको" म्हणतात आणि जो पुढे केला त्या कागदावर सही करून मोकळी होतात.

याचा अर्थ असाही नाही की सर्जनने ऑपरेशन म्हटलं की मान डोलवायचीच. मणक्याचं ऑपरेशन मोठी गोष्ट आहे, आणि गादी सरकलेल्यांपैकी बरेच जण काही आठवड्यांत, काही महिन्यांत ऑपरेशनशिवाय बरे होतात, त्यामुळे "मला आधी फिजिओ आणि औषधं करून बघायची आहेत" हे अगदी रास्त कारण आहे. फॉर्ममध्येही नकार योग्य होता का हे वेगळं विचारलंय ते त्यासाठीच. फक्त ते कारण तुमच्या शब्दांत कागदावर यायला पाहिजे. नुसतं "अनविलिंग" आणि खाली सही, असं नको. लिहा की ऑपरेशनचे धोके समजले, सध्या पायात कमजोरी नाही, अमुक डॉक्टरांनी आधी व्यायाम आणि औषध सुचवलंय, ते करतोय, फरक नाही पडला तर परत विचार करीन. सही करायच्या आधी कोरी जागा सोडू नका आणि त्याची प्रत मागा. प्रायव्हेट हॉस्पिटलातही तेच, घरचे घाईघाईत पेशंटला "सल्ल्याविरुद्ध" डिस्चार्ज घेऊन नेतात, तो कागद फाइलमध्ये कायमचा राहतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे, नाहीतर मी अर्धंच सांगितलं असं होईल. नोकरीत असताना चांगला इलाज झाला आणि तुम्ही खरंच बरे झालात तर कॅटेगरी वर जाऊ शकते, आणि सुटताना टक्के २० च्या खाली किंवा काहीच नाही असंही होऊ शकतं. म्हणजे त्या अर्थाने इलाजाचा परिणाम होतो. पण समोर ठेवलेले हे दोन पर्याय बघा ना, पस्तिशी-चाळिशीत सुटलेला माणूस, पुढे अंबड-सातपूरला कंपनीच्या गेटवर १२ तास उभी ड्यूटी, नाहीतर गावी छाटणीच्या दिवसांत वाकून काम, पोरांची शिक्षणं, अजून ३०-४० वर्षं काढायचीत. ज्याची कंबर जागेवर आहे तो महिन्याला त्या एलिमेंटपेक्षा किती तरी जास्त कमावतो आणि रात्री झोपतो. शिवाय बरे झालात तरी सेवेतली नोंद पुसली जात नाही, पुढे तोच त्रास परत उठला तर सुरुवात कुठं झाली हे दाखवायला ती नोंद आहेच.

गोळ्यांबद्दलही विचारतात. बोर्डाच्या दिवशी दुखणं दिसावं म्हणून चार दिवस आधी गोळ्या बंद करणारे मी बघितलेत, आणि "फौजी माणूस कण्हताना दिसायला नको" म्हणून दोन पेनकिलर मारून ताठ जाणारेही बघितलेत. दोन्ही चूक. तुमच्या रोजच्या गोळ्या रोजच्यासारख्या घ्या आणि प्रिस्क्रिप्शन सोबत न्या, डॉक्टरला सांगा की हे जे आत्ता दिसतंय ते दिवसाला इतक्या गोळ्यांवर आहे. डॉक्टर पाय सरळ ठेवून वर उचलून बघतात, कुठपर्यंत गेल्यावर कमरेतून कळ पायात उतरते ते बघतात, अंगठ्याची ताकद बघतात, टाचेवर-चवड्यावर चालवतात, गुडघ्याला हातोडी मारतात. यात नाटक चालत नाही, बसलेल्या माणसाचा पाय बोलता बोलता सरळ केला की खरं-खोटं लगेच कळतं. जे आहे ते सांगा, फक्त पूर्ण सांगा. "दुखतं" एवढंच नको. किती वेळ बसू शकता, किती अंतरावर थांबावं लागतं, बुटाची लेस कोण बांधतं, रात्री किती वेळा उठता हे सांगा. फौजी माणसाला विचारलं "कसं आहे" की तोंडातून आपोआप "ठीक है साब" निघतं, आणि साहेब ठीक लिहितात.

आता "नाना". बोर्डाच्या कागदावर एनएएनए लिहून येतं, बरेच जण त्याला नाना म्हणतात, त्याचा अर्थ हा त्रास सेवेमुळे झालाही नाही आणि वाढलाही नाही. कंबरेच्या बाबतीत हे फार होतं कारण मणका वयानेही झिजतो न, शांत ठिकाणच्या पोस्टिंगवर त्रास सुरू झाला तर लिहून टाकतात नाना, आणि मग २० टक्के असले तरी पुढे निव्वळ शून्य. असं आलं तर घरी बसू नका. २ जुलै २०१३ ला धरमवीर सिंग यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की भरतीच्या वेळी त्या आजाराची नोंद नव्हती तर माणूस निरोगी आला होता असं धरायचं, नंतर आजारापायी तो सेवेतून गेला तर तो सेवेमुळे असं समजायचं, नसेल तर ते सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, आणि बोर्डाने कारणं द्यायला हवीत. जवानाने सगळं सिद्ध करत बसायचं नाही. २०२३ च्या नंतर सुटलेल्यांनी मात्र नवे नियम धरून वकिलाशी बोलावं.

क्लेम नाकारल्याचं पत्र आलं की पहिलं अपील ६ महिन्यांच्या आत, ते तुमच्या रेकॉर्ड ऑफिसमार्फत जातं. तोफखान्यातल्या जवानाचं रेकॉर्ड ऑफिस आपल्या नाशिकरोड कॅम्पलाच, देशभरातल्या तोपचींना इथल्या पत्त्यावर लिहावं लागतं, आपल्याला ते रिक्षाच्या अंतरावर आहे. तिथं नाही झालं तर दुसरं अपील, आणि मग आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, आपल्यासाठी मुंबईचं बेंच. बोर्डाची प्रत तुमच्याकडे नसेल तर माहिती अधिकारात मागा, स्वतःचेच मेडिकल कागद आहेत, संकोच कसला. अर्ज कसा लिहायचा हे समजत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा. आणि उशीर करू नका, खूप वर्षांनी ट्रिब्युनलला गेलात तर केस चालते, पण मागची थकबाकी साधारण अर्ज केल्याच्या आधीच्या ३ वर्षांचीच देतात, २००८ च्या तरसेम सिंग यांच्या निकालापासून तसंच चालत आलंय. म्हणजे जेवढी वर्षं गप्प बसाल तेवढे पैसे गेले.

अजून एक भानगड झालीय अलीकडे, ती म्हणजे व्हिडिओ. माझ्याकडे एका काकांनी मोबाइल पुढे केला, त्यात एक गोरा माणूस सांगत होता की कंबर सुधारली तर रेटिंग कमी होतं. ते अमेरिकेतल्या माजी सैनिकांबद्दल आहे. त्यांच्याकडे पद्धतच वेगळी, पुढे किती वाकता ते अंशात मोजतात, ३० अंशांपर्यंतच वाकता आलं तर ४० टक्के, त्याच्या पुढे पण ६० पर्यंतच तर २० टक्के, आणि सुधारणा होईल असं वाटलं तर ते परत तपासायला बोलावू शकतात. तिथल्या माणसाने त्याची काळजी करणं बरोबर आहे. पण ते नियम आपल्या पेन्शन ऑर्डरला लागत नाहीत, आणि तो व्हिडिओ बघून निफाडच्या माणसाने औषध बंद करायचं काही कारण नाही.

आता थोडं शरीराचंही, कारण ते माझं काम आहे. "मणक्यात गॅप आलाय" हे ऐकून लोक घाबरतात. दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते, बाहेर चिवट आवरण आणि आत मऊ गर, आवरण कमजोर झालं की गर बाहेर ढकलला जातो आणि शेजारच्या नसेला दाबतो, मग कळ कंबरेतून ढुंगणात, मांडीत, पोटरीत उतरते, तीच सायटिका. एमआरआयमध्ये गादी फुगलेली दिसणं म्हणजे लगेच आजार नाही, काहीही दुखत नसलेल्यांच्या एमआरआयमध्येही ती दिसते, म्हणून बोर्डालाही नुसती फिल्म पुरत नाही, तपासणी आणि जुन्या नोंदी लागतात. महिनाभर पडून राहू नका, त्याने स्नायू अजून ढिले पडतात. पट्टा कामापुरता, दिवसभर नको. आणि पेनकिलर डॉक्टरला न विचारता वर्षानुवर्षं खाऊ नका, किडनी आणि पोट दोन्ही जातात, मग ईसीएचएसला कंबर सोडून डायलिसिसच्या रांगेत बसायची वेळ येते.

पण काही लक्षणं अशी की त्यात पेन्शन, बोर्ड, अपील सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. पंजा उचलला जात नाही, चप्पल निघून पडते. लघवी अडते किंवा कळत नाही. सायकलच्या सीटवर बसतो तेवढा भाग बधीर होतो. दोन्ही पायांत एकदम कमजोरी. हे नस मरायला लागल्याचे इशारे आहेत, उशीर झाला तर नंतर कितीही ऑपरेशन करा गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नाही.

काकांना त्याच दुपारी पॉलिक्लिनिकला पाठवलं, तिथून रेफरल मिळाला, एमआरआयमध्ये कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी नसेवर आलेली, आठवड्याच्या आत ऑपरेशन झालं. पायातली कळ दुसऱ्या दिवशी गेली. पंजा हळूहळू येतोय, दीड महिना वाया गेला त्याची किंमत आहे ती, अजून अंगठा पूर्ण वर येत नाही, आठवड्यातून तीनदा येतात माझ्याकडे, लाल रबर बँड पंजाला लावून वर ओढायचा व्यायाम करतात आणि मोठ्याने आकडे मोजतात, ड्रिलला मोजावेत तसे. पेन्शन गेल्या महिन्यात आली तेवढीच आली, काकूंनी बँकेचा मेसेज मला उघडून दाखवला.

आणि परवा जाताना काका परत काउंटरपाशी थांबले. मला वाटलं आता परत तेच, लिहू नका. तर म्हणाले, "ताई, किती दिवस आलो न काय काय केलं ते सगळं तारखेसकट लिहून द्या, आणि सही-शिक्का मारा." काकूंनी पिशवीतून नवीन फाइल काढली, निळी, चेनवाली.

ते लिहून दिलं, आणि घरी आल्यावर पप्पांची जुनी ट्रंक उघडून बसले. त्यात हाडवैद्याकडची एक चिठ्ठी सापडली, पिवळी पडलेली, तारीख १९९४ ची, "कंबर, डावा पाय" एवढंच लिहिलेलं. कोणी मानेल की नाही कोण जाणे, पण मी ती प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये घालून फाइलला सगळ्यात वर लावलीय.